दोन देशांचा एक चित्रपट : सार्वजनिक निधीच्या पात्रतेचा अनुभव

मराठी कथेवरचा आमचा चित्रपट भारत आणि जर्मनी यांच्यातील अधिकृत सहनिर्मिती म्हणून पूर्ण झाला आणि त्या मान्यतेच्या आधारे दोन्हीकडच्या सार्वजनिक निधीसाठी पात्र ठरला. निर्माती या नात्याने पहिल्या अर्जापासून शेवटच्या लेखापरीक्षणापर्यंतचे सारे काम माझ्या हातून गेले. या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात योजनेची रक्कम ठळकपणे असते. पात्रतेच्या अटी कथेच्या हक्कांपासून ध्वनिमिश्रणाच्या स्टुडिओपर्यंत कुठे कुठे पोचतात, हे मात्र फारसे वाचायला मिळत नाही. चित्रपट करू पाहणाऱ्या नव्या मंडळींनी हा तपशील पटकथा लिहिली जात असतानाच वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण चित्रीकरण सुरू झाल्यावर यातले बरेचसे दुरुस्त करता येत नाही.

सहनिर्मितीचा दर्जा आणि आर्थिक प्रोत्साहन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा मिळतो तो दोन देशांच्या सरकारांमधील करारामुळे. भारताने असे करार इटलीशी २००५ साली, जर्मनीशी २००७ साली, कॅनडाशी २०१४ साली केले आणि त्यानंतरही यादी वाढत गेली. करारानुसार मान्यता मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी समजला जातो, आणि त्यामुळे त्या त्या देशातील निधीचे दार त्याला उघडते. प्रोत्साहन योजना त्यानंतर येते. मे २०२२ मध्ये कान महोत्सवात केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेनुसार अधिकृत सहनिर्मितीला भारतातील पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत, कमाल दोन कोटी रुपये, परतावा मिळणार होता. १ एप्रिल २०२२ नंतर सहनिर्मितीचा दर्जा मिळालेले प्रकल्पच त्यात बसत होते. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भारतात चित्रीकरण करणाऱ्या परदेशी निर्मितींसाठी ही टक्केवारी ४० आणि कमाल मर्यादा ३० कोटी केल्याची घोषणा झाली. आमचा प्रकल्प मूळच्या नियमांखाली होता. त्यात आणखी एक अट स्पष्ट होती: सहनिर्मितीसाठीचे आणि परदेशी चित्रपटांच्या चित्रीकरणासाठीचे अशी दोन्ही प्रोत्साहने एकाच प्रकल्पाला घेता येत नाहीत.

अर्ज दोन्हीकडे करावा लागतो. भारतात माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसमार्फत, ज्याला आता इंडिया सिने हब म्हणतात. जर्मनीत हे काम बाफा या संघीय कार्यालयाकडे आहे, जे मुळात अर्थव्यवहार आणि निर्यात नियंत्रण पाहते. पटकथा, कथेचे हक्क कायदेशीरपणे मिळवल्याचा पुरावा, दोन निर्मात्यांमधील करारनामा, निधी कुठून येणार याचा आराखडा, कलावंत व तंत्रज्ञ यांची नागरिकत्वासह यादी आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक हा गाभा दोन्हीकडे सारखाच. मान्यता आधी तात्पुरती मिळते आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर, जे सांगितले होते ते खरोखर केले का हे तपासून, अंतिम होते.

आमचा सर्वांत अधिक वेळ हक्कांच्या पुराव्यात गेला. चित्रपट एका दिवंगत लेखकाच्या कथेवर आधारलेला आहे. माझ्याआधी एका दिग्दर्शकाने ती कथा घेतली होती आणि त्याच्याकडे लेखकाच्या वारसांनी दिलेले एक पानी पत्र होते: ‘आमच्या वडिलांच्या कथेवर चित्रपट करण्यास आमची हरकत नाही.’ खाली दोन सह्या, तारीख आणि मानधन पोचल्याची नोंद. आपल्याकडे अशा पत्रावर चित्रपट उभे राहतात, प्रदर्शितही होतात. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ वाचले तर त्या पत्राची मर्यादा लगेच कळते. हक्क हस्तांतराच्या दस्तऐवजात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरते धरले जाते. त्या पत्राला पाच वर्षे कधीच उलटून गेली होती. ते हस्तांतर मानले तरी मुदत संपलेली, आणि मुदत असती तरी जर्मनीत त्याचा उपयोग शून्य. ज्या चित्रपटाची मालकी दोन देशांत विभागायची आहे, त्याचा पायाच एका देशाबाहेर लागू होत नाही, हे जर्मन भागीदाराच्या वकिलांनी पहिल्याच वाचनात दाखवून दिले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

नवा करारनामा करायचा तर सर्व वारस हवेत. पत्रावर दोघांच्या सह्या होत्या, प्रत्यक्षात वारस तिघे निघाले. तिसरी मुलगी अनेक वर्षे परदेशात होती आणि तिला या साऱ्याची कल्पनाच नव्हती. मी तिला फोन केला तेव्हा तिने आधी पैशांविषयी काहीच विचारले नाही. शेवटच्या प्रसंगात वडिलांनी लिहिलेला नदीकाठ राहणार आहे का, एवढेच विचारले. तिची सही तेथील नोटरीसमोर होऊन अपोस्टिलसह, म्हणजे दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीच्या सरकारी प्रमाणपत्रासह, आमच्याकडे आली. अपोस्टिलची पद्धत भारताने २००५ मध्ये स्वीकारली असल्याने वकिलातीचे वेगळे शिक्के लागले नाहीत. मुदत, प्रदेश, माध्यमे, भाषांतर, उपशीर्षके, पुनर्निर्मिती असे एकेक कलम वेगळे लिहिले. इथे जर्मन मसुद्यात ‘सर्व हक्क, कोणत्याही पुढील मोबदल्याविना’ अशी ओळ होती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात ती टिकत नाही, कारण चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीचा लेखक चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील स्वामित्वधनाचा समान वाटा सोडूनच देऊ शकत नाही. हा वाटा त्याच्या कायदेशीर वारसांकडे जातो. ही तरतूद मी आग्रहाने मसुद्यात घालून घेतली. ती लेखकांच्या बाजूची आहे आणि निर्मात्यांनी ती ओझे समजू नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर प्रश्न आला वाट्याचा. अशा करारांत लहान भागीदाराचा वाटा सहसा किमान २० टक्के असावा लागतो आणि मोठ्याचा ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय सर्जनशील आणि तांत्रिक सहभाग पैशांच्या प्रमाणात असावा, अशी अपेक्षा असते. केवळ धनादेश देणारा भागीदार करार करणाऱ्या सरकारांना नको असतो. आमचा आराखडा ७६ आणि २४ टक्क्यांचा होता. कथा, पटकथा, दिग्दर्शन, सर्व नट, चित्रीकरणाची सर्व स्थळे आणि भाषा आमच्याकडची. मूळ ध्वनिपट भारतीय भाषेत किंवा बोलीत असण्याला करारात पूर्ण वाव आहे, त्यामुळे संवाद मालवणीत ठेवण्याबद्दल मला कुणालाही समजावावे लागले नाही. मग जर्मन बाजूचे २४ टक्के दिसणार कशात? छायाचित्रणाचे काम, ध्वनिआरेखन, अंतिम ध्वनिमिश्रण आणि कलर ग्रेडिंग (चित्राच्या रंगछटा जुळवण्याचे काम) तिकडे गेले. छायाचित्रणासाठी ज्यांना घ्यायचे ठरले त्यांना पटकथा आवडली होती म्हणून ते आले, ही आमच्या भाग्याची गोष्ट. केवळ यादी भरण्यासाठी माणूस घ्यावा लागला असता तर तो चित्रपटाला दिसल्यावाचून राहिला नसता. ही अट चांगल्या हेतूची आहे, पण तिचा चांगला परिणाम व्हायचा असेल तर भागीदार आधी माणूस म्हणून आणि कलावंत म्हणून जुळायला हवा.

नागरिकत्वाच्या यादीत एक नाव अडले. ध्वनिआरेखन करणाऱ्या सहकाऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश होता. ब्रिटन युरोपीय संघात असता तर प्रश्नच आला नसता. ३१ जानेवारी २०२० नंतर तो तिसऱ्या देशाचा नागरिक ठरला. तो बर्लिनमध्ये कायमचा राहत असल्याने अखेर वास्तव्याच्या नोंदणीचा पुरावा आणि निवासाचा परवाना जोडून त्याचे नाव जर्मन वाट्यात धरले गेले. तिसऱ्या देशाच्या माणसाला पटकथेच्या गरजेपोटी अपवाद म्हणून घेता येते, परंतु तंत्रज्ञाच्या बाबतीत पटकथेची गरज सिद्ध करणे अवघड असते, म्हणून वास्तव्याचा मार्ग बरा पडला. नावे ठरवतानाच प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि वास्तव्याची माहिती घेणे प्रॉडक्शन मॅनेजरच्या पहिल्या आठवड्याच्या कामात हवे.

जर्मन भागीदाराने तिथल्या एका प्रादेशिक निधीकडेही अर्ज केला, आणि तेव्हा मला खर्चाच्या प्रादेशिक अटीचा जवळून परिचय झाला. युरोपीय आयोगाच्या २०१३ च्या नियमांनुसार एखादा देश किंवा प्रदेश दिलेल्या अनुदानाच्या १६० टक्क्यांपर्यंत खर्च आपल्या हद्दीत करण्याची अट घालू शकतो; मात्र अशी सक्ती एकूण निर्मितीखर्चाच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे ५० हजार युरोचे अनुदान असेल तर जास्तीत जास्त ८० हजार युरो त्या प्रदेशात खर्च करा, असे सांगता येते. आमच्या बाबतीत याचा अर्थ असा झाला की मिश्रण मुंबईत करावे, असे दिग्दर्शकाला मनापासून वाटत असूनही ते करता आले नाही. मुंबईतील स्टुडिओ स्वस्त होता आणि मालवणी समजणारी माणसे तिथे होती. अनुदान देणाऱ्या करदात्याच्या गावात त्याचा पैसा फिरावा, ही भूमिका मला मान्य आहे. तरीही मिश्रणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला संवादातील हुंकार आणि नकार यांतला फरक दर वेळी सांगावा लागत होता, आणि त्यासाठी आमच्या सहायक दिग्दर्शिकेचा प्रवास व मुक्काम असा नवा खर्च अंदाजपत्रकात आला. अटीची किंमत अशी दुसऱ्याच रकान्यात उमटते.

त्याच नियमांत एक तरतूद आहे जिच्याबद्दल आपल्याकडच्या निर्मात्यांना क्वचितच माहिती असते. सार्वजनिक मदत साधारणपणे निर्मितीखर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि एकाहून अधिक सदस्य देशांच्या सहनिर्मितीत ६० टक्क्यांपर्यंत असावी, असे बंधन युरोपात आहे. परंतु ज्यांना व्यावसायिक दृष्ट्या अवघड मानले जाते त्या कलाकृती आणि ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या विकाससाहाय्य यादीतील देशांबरोबरच्या सहनिर्मिती यांना ही मर्यादा लागू होत नाही. भारत त्या यादीत आहे. आमच्या चित्रपटात सार्वजनिक पैशांचे प्रमाण तिथवर गेलेच नाही, म्हणून या सवलतीचा उपयोग करावा लागला नाही. पण युरोपीय भागीदार शोधताना हे वाक्य हाताशी असले तर बोलण्याला वजन येते.

निधीचा आराखडा अपुरा होता तेव्हा एका ओटीटी कंपनीकडून प्रस्ताव आला: चित्रीकरणाआधीच मोठी रक्कम, बदल्यात जगभरचे सर्व हक्क कायमचे. रक्कम पाहून आमच्याकडची काही मंडळी हरखली. मी तो प्रस्ताव करारनाम्याशेजारी ठेवून वाचला. सहनिर्मितीत चित्रपटाची मालकी दोन्ही निर्मात्यांची संयुक्त असावी लागते. ती मालकी चित्रीकरणाआधीच तिसऱ्याला दिली तर आम्ही दोघेही पगारी ठेकेदार उरतो आणि सहनिर्मितीच्या दर्जाला आधारच राहत नाही. पात्रतेच्या या अटीमुळेच मी त्या प्रस्तावाला नकार देऊ शकले, आणि तिने निर्मात्याच्या स्वातंत्र्याची राखण केली, असे मी आजही मानते. चित्रपट पूर्ण झाल्यावर मर्यादित मुदतीचे प्रसारणहक्क वेगळे विकता आले.

आता खर्चाविषयी. परतावा मिळतो तो पात्र खर्चावर, आणि खर्च झाला एवढ्याने तो पात्र ठरत नाही. कोकणातल्या चित्रीकरणाचा हिशेब लावताना सी.ए. आणि मी व्हाउचरचा एकेक गठ्ठा सोडवत बसलो. जनरेटरचे बिल होते, पण ते निर्मितीसंस्थेच्या नावावर नसून चित्रीकरणाची व्यवस्था व खर्च पाहणाऱ्या लाइन प्रोड्यूसरच्या वैयक्तिक नावावर होते. होडीवाल्याला रोख पैसे दिले होते; त्याच्याकडे बिलबुक नव्हते आणि त्याची वार्षिक उलाढाल जीएसटीच्या नोंदणीमर्यादेच्या जवळपासही नव्हती. घर चित्रीकरणाला देणाऱ्या आजींनी वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने पावती लिहून दिली होती, खाली सही आणि वर ‘श्री’. प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिले तर तो खर्च वजावटीस धरला जात नाही, ही मर्यादा आमच्या माणसांना ठाऊक होती आणि ती पाळलीही गेली. परंतु प्रोत्साहनासाठी लेखापरीक्षकाने त्याहून कडक चाळणी लावली: पैसे बँकेतून गेले का, बिल कुणाच्या नावे, टीडीएस कापला का, सेवा खरोखर भारतात आणि याच चित्रपटासाठी दिली गेली का.

आजींची पावती टिकली, कारण पैसे त्यांच्या बँक खात्यात गेले होते आणि घरपट्टीची प्रत जोडता आली. होडीवाल्याची रक्कम गेली. रक्कम लहान होती. मला वाईट वाटले ते दुसऱ्या कारणाने. अशा योजनांचा एक उद्देश चित्रीकरण होते तिथल्या माणसांच्या हाती पैसा जावा हा असतो, आणि नेमक्या त्याच माणसांना दिलेला पैसा कागदाअभावी मोजला जात नाही. शहरातल्या मोठ्या पुरवठादाराचे बिल मात्र बिनतक्रार बसते. यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे: चित्रीकरणाच्या गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी प्रत्येक सेवा देणाऱ्याचे नाव, पत्ता, बँक खाते आणि पॅन यांची नोंद करणारा एक माणूस नेमावा, आणि मोबाइलवरून खात्यात पैसे पाठवण्याची सवय ठेवावी. योजनेच्या बाजूनेही नोंदणीमर्यादेखालच्या सेवादात्यांसाठी एक सोपा, सहीचा नमुना असायला हवा.

सर्वांत मोठी अडचण मात्र या कागदांपलीकडची आहे. हा परतावा आहे. आधी खर्च करा, मग काही भाग परत मिळेल. मूळ नियमांनुसार तो अंतरिम आणि अंतिम अशा दोन टप्प्यांत, विशेष समितीच्या शिफारशीनंतर दिला जातो. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला हे सोयीचे आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी पात्रतेचे पत्र आणि प्रत्यक्ष पैसा यांच्यामधला काळ व्याजाने विकत घ्यावा लागतो. आमच्या जर्मन भागीदाराने आपले अनुदानाचे पत्र बँकेत ठेवून कर्ज उचलले. फ्रान्समध्ये तर अशा कर्जांना हमी देणारी इफसिक ही संस्था १९८३ पासून आहे. मी माझे पत्र घेऊन एका बँकेत गेले तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी ते आदराने वाचले आणि तारण काय देणार, असे विचारले. चित्रपटव्यवसायाला १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा मिळाला असला, तरी परताव्याच्या आश्वासनावर कर्ज देण्याची पद्धत त्या शाखेत नव्हती. शेवटी घर तारण ठेवले.

हे लिहिताना मला आपल्याच इतिहासाची आठवण ठेवावीशी वाटते. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन उभे राहिले, जे १९८० मध्ये एनएफडीसीत विलीन झाले. त्या महामंडळाची कल्पना चित्रपट करण्याआधी कर्ज देण्याची होती; पटकथा पाहून जोखीम सरकारने उचलायची. आजची योजना झालेला खर्च पाहते. दोन्हींची गरज आहे. मात्र केवळ दुसरीच राहिली तर अटी सर्वांना सारख्या असूनही, पात्र ठरणारे बहुतेक जण आधीच पैसा उभा करू शकणारे असतील. अंतरिम हप्ता चित्रीकरणाच्या पहिल्या टप्प्याबरोबर मिळाला किंवा एनएफडीसीने त्या पत्राला बँकेसाठी हमी दिली, तरी लहान निर्मात्यांचे चित्र पुष्कळ बदलेल.

अंतिम मान्यतेच्या वेळी टक्केवारी पुन्हा मोजली गेली. जर्मन वाटा युरोत आणि आमचा रुपयांत. दोन वर्षांत विनिमयदर हलला होता आणि कोकणात पावसामुळे चित्रीकरण लांबून आमचा खर्च वाढला होता. २४ टक्क्यांचा वाटा २२ च्या आसपास उतरला. मुळात २० किंवा २१ टक्क्यांवर आराखडा बांधला असता तर पूर्ण झालेला चित्रपट अपात्र ठरला असता आणि दोन्हीकडचा पैसा परत करण्याची वेळ आली असती. म्हणून किमान वाट्याच्या वर तीन-चार टक्क्यांची जागा राखून ठेवावी आणि दर कोणत्या तारखेचा धरायचा हे करारनाम्यातच लिहावे. श्रेयनामावलीत ही भारत आणि जर्मनी यांची सहनिर्मिती असल्याचा स्वतंत्र उल्लेख लागतो, तोही तपासला गेला. सेन्सॉर प्रमाणपत्राचा अर्ज याहून पूर्ण वेगळा. सहनिर्मितीची मान्यता मिळाली म्हणून प्रदर्शनाची परवानगी गृहीत धरता येत नाही, हे करारांत स्पष्ट लिहिलेले असते. आमच्या लेखापरीक्षकाने अंतिम दाखला दिला तेव्हा एकूण भारतीय खर्चापैकी जवळजवळ एक दशांश रक्कम पात्र यादीबाहेर राहिली होती, आणि पुढच्या चित्रपटाच्या अंदाजपत्रकात परताव्याची अपेक्षा मी तेवढी कमी धरूनच लिहिली आहे.